पाचवा रविवार

आधीच सांगून ठेवते, यात धीर देण्याजोगं फारसं काही नाही. ज्यांना "हिंमत ठेवा, सगळं ठीक होईल" हे ऐकायचं असेल त्यांनी आमच्या गल्लीत येऊन बसावं. तिथे ते दिवसभर फुकट मिळतं.

लिहायला सांगितलं आमच्या डॉक्टरीणबाईंनी. "शालिनी जी, आप टीचर हैं, लिख डालिए. मेरे पास जो औरतें आती हैं, सब समझती हैं कि यह मुसीबत अकेली उन्हीं पर आई है." त्यांना अर्थात हिंदीत हवं होतं. पण मी आयुष्यभर शिकवलं हिंदीत, भांडले हिंदीत, आणि रडले मात्र मराठीत. तेव्हा हे मराठीतच होणार. कोणी हिंदीत उलथा, म्हणजे भाषांतर, करून दिला तर माझी ना नाही.

आम्ही झाशीचे मराठी. पूर्वज कधीतरी दफ्तरात लिहायला आले आणि इथलेच झाले. घर लक्ष्मी गेटच्या आत, दाटीवाटीत. घरात आम्ही तिघं: आई, थोरला भाऊ दादा आणि मी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. दादा रेल्वेच्या तिकिटखिडकीवर बसतो, मी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवते. दादाचं लग्न झालं नाही, माझंही झालं नाही. दोन्हीची कारणं लोकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत.

गालांवरची लाली

होळी होऊन गेली होती. दोन्ही गालांवर आणि मधे नाकावरून एक लाल चट्टा उठला. आधी वाटलं रंगाची अ‍ॅलर्जी. वर्गातल्या मुली एकमेकींना कोपर मारून हसायच्या, मॅडमनी या वयात गालाला लाली लावायला सुरुवात केली म्हणून. दारावर भाजी घेऊन येणारी रामकली मला बिन्नू, म्हणजे ताई, म्हणते; ती तर सरळ म्हणाली, "काए बिन्नू, कोऊ ने थप्पड़ मारो का?"

सकाळी बोटं आखडलेली असायची, खडू धरवायचा नाही. विंचरताना केसांचा गुंता हातात यायचा. संध्याकाळी कणकण. यातलं प्रत्येक दुखणं मी वेगळं धरलं आणि प्रत्येकाला वेगळं कारण शोधलं. बोटं आखडतात ती वयामुळे, केस गळतात ते खाऱ्या पाण्यामुळे, ताप येतो तो पेपर तपासण्याच्या जागरणामुळे. हे सगळं एकाच घरचं पाहुणेमंडळ आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी एक मलम दिलं. ते लावून चट्टा चकाकायला लागला, एवढाच फरक.

पण आमच्या घरात कातडीच्या दुखण्याला खरा डॉक्टर एकच, सूर्यनारायण. आई रोज सकाळी तांब्याच्या तांब्यात पाणी, लाल फूल आणि चार अक्षता घेऊन छतावर जायची. (इथे गच्चीला सगळे छतच म्हणतात, आम्हीही.) उगवत्या सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय तिने कधी चहासुद्धा घेतला नाही. शहराबाहेर पहूज नदीच्या काठी सूर्याचं जुनं देऊळ आहे. खरूज, कोड, गजकर्ण, काही झालं की या भागातले लोक तिथे जातात. त्यात आमच्या घरची रीत आणखी कडक, आईच्या आजेसासूपासून चालत आलेली. पाच रविवार करायचे. दिवसभर अळणी खायचं. नदीत बुडी मारायची, ओलेत्याने अर्घ्य द्यायचं, आणि अंगावरचं लुगडं अंगावरच वाळेपर्यंत सूर्यासमोर उभं राहायचं. सावलीत आलं की तो रविवार फुकट.

"तुझ्या आत्याचं कोड याच्यानेच गेलं," आई म्हणाली.

"आत्याचं कोड मेकअपखाली गेलं," मी म्हणाले. पण गेले. आईशी वाद घालण्यापेक्षा नदीत बुडी मारणं सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही कुठेतरी वाटत होतं, काय हरकत आहे?

चार रविवार

चैत्र संपत आला होता. झाशीचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगून कळणार नाही. सकाळी आठलाच दगड पायाला चावायला लागतात. मी नदीच्या पायरीवर ओल्या साडीत उभी, शेजारी आई हात जोडून. तिच्या ओठांवर स्तोत्र आणि डोळे माझ्या गालांवर.

पहिल्या रविवारनंतर चट्टा आणखी लाल झाला. आईला आनंद झाला. "बघ, ओढून काढतोय बाहेर. आतलं सगळं वर येतंय." दुसऱ्या रविवारनंतर हातांवर पुरळ उठलं. तेही बाहेर येत होतं. तिसऱ्यानंतर जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागायला लागलं, आणि आरशात डोळ्यांचं पांढरं पिवळट दिसायला लागलं. शेजारच्या चाचीने लगेच पीलिया, म्हणजे कावीळ, म्हणून सांगितलं. पीलिया झाडणारा माणूस आला, त्याने डोक्यावरून काहीतरी उतरवलं आणि उसाचा रस प्यायला सांगितला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार.

चौथ्या रविवारी अर्घ्य देताना हातातून तांब्या सुटला. घरंगळत पाण्यात गेलेला मला दिसला, आईने तो पकडायला हात घातलेला दिसला. त्यापुढचं दिसलं नाही. मला टेम्पोत घालून शहरात आणलं तेव्हा, आई सांगते, माझे ओठ कागदासारखे पांढरे होते आणि गाल मात्र लालभडक.

तो दिवस

दवाखान्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या सगळ्या तक्रारी एका दमात ऐकून घेतल्या. बोटं, केस, ताप, लघवी चहासारखी गडद, धाप. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा वयाने लहान, बोलणं मऊ. त्यांनी माझ्या गालांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "धूप में ज़्यादा रहना होता है?"

मी बोलायच्या आत आई पुढे झाली. तिच्या हिंदीत, मोठ्या अभिमानाने म्हणाली, "हर इतवार. भीगे कपड़ों में, जब तक सूख न जाएँ. सूर्यनारायण का व्रत है हमारा."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. रक्त काढलं, काही नमुने इथेच तपासले, काही दिल्लीला पाठवले. ते निकाल आल्यावर त्यांनी आम्हा तिघांना बसवलं.

ल्युपस. त्याच्यासोबत रक्ताचा आजार. आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढायला अँटीबॉडी तयार होतात, त्यांनी माझ्याच रक्ताच्या पेशींना शत्रू ठरवलं होतं आणि त्या रोज फोडत होत्या. पिवळे डोळे पीलियाचे नव्हते, त्या फुटलेल्या रक्ताचे होते. कुंपणानेच शेत खायला घेतलं तर राखण कोणी करायची? मी विचारलं, हे बरं कधी होईल. त्या म्हणाल्या, "काबू में रहेगा." बरं होईल असं त्या म्हणाल्या नाहीत. मी भाषेची मास्तरीण, मला तेवढं लगेच कळलं.

मग त्या आईकडे वळल्या. "माताजी, अब से इनको धूप बिल्कुल नहीं. इनके लिए धूप ज़हर है. आपकी वजह से नहीं हुआ, बीमारी पहले से थी. धूप ने बस भड़का दिया."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं आईने ऐकलं.

बाहेर व्हरांड्यात दादाचा तोल सुटला. तो कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, "तू भाजलंस तिला, आई. दर रविवारी नेऊन भाजलंस." आईने पदर सावरला. मी चाकाच्या खुर्चीत होते. मी म्हणायला हवं होतं की दादा, गप्प बस. पण माझ्या अंगात बोलायचं बळ नव्हतं, आणि त्या क्षणी त्याचं बोलणं मला खोटंही वाटत नव्हतं. मलाही आईचा राग आला होता. मरायला टेकलेल्या माणसाला कोणाचा तरी राग येतोच, आणि जवळ तीच होती.

कोणाचंच जुळेना

रक्त इतकं उतरलं होतं की ते चढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दादाचा आणि माझा गट एकच. त्याने शर्टाची बाही वर केली, तपासणी झाली, आणि निरोप आला की जुळत नाही. सख्ख्या भावाचं. दादा बाही तशीच वर ठेवून बराच वेळ बाकावर बसून होता.

मग जवळच्या बबीना छावणीतून शिंदे हवालदार आले. साताऱ्याकडचे. छावणीतल्या मराठी जवानांना सुट्टीत गावी जायची तिकिटं मिळवून द्यायला दादा नेहमी खटपट करतो, त्यातून ओळख. ते माझ्या गटाची मुलं गोळा करून फौजेच्या गाडीतूनच आले.

"ताई, काळजी करू नका. पोरं आणल्यात. पायजे तेवढं रक्त काढा, फकस्त जेवण चांगलं द्या."

आई त्यांना म्हणाली, "बेटा, आपण बसा, मी शरबत बोलावते." तशाही स्थितीत शिंद्यांना हसू आलं. "काकू, तुमची मराठी लई गोड. हिंदीत भिजवून काढल्यागत." आई त्या दिवशी पहिल्यांदा जराशी हसली.

एकेकाचं रक्त तपासलं. एकाचंही जुळलं नाही. शिंदे खाटेशी येऊन उभे राहिले, टोपी हातात. "एवढ्या पोरांत एकाचंबी न्हाई?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "किसी का नहीं मिलेगा. इनका खून अपने को ही अपना नहीं मान रहा, पराए को क्या मानेगा. जो सबसे कम लड़े, वही चढ़ाएँगे. धीरे-धीरे."

आजारपणात भीती पुष्कळ वेळा वाटली, पण इतकी एकटी मी कधी पडले नव्हते. चाळीस वर्षं या गावात काढली, गल्लीतल्या प्रत्येकाचं मीठ खाल्लं, आणि आता कोणाचं रक्त माझ्या कामाचं नव्हतं. जिवंत राहायचं ते जरा कमी भांडणाऱ्या रक्ताच्या भरवशावर. सांगलीकडच्या एका जवानाचं निवडलं. ते चढत असताना डॉक्टरीणबाई स्वतः शेजारी बसून राहिल्या, माझी नाडी धरून. मला घाम फुटला की त्या थेंब आणखी हळू करायच्या. मी नळीकडे पाहत होते आणि मनात त्या अनोळखी मुलाला म्हणत होते, बाबा रे, भांडू नकोस.

त्या वॉर्डात एकच चांगली गोष्ट घडली. माझ्या खाटेवर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन यायचं. पडदा नव्हता, खाट हलवायला जागा नव्हती. शेजारच्या खाटेवरच्या, मोठ नावाच्या गावच्या म्हातारीने काही न विचारता आपलं दुसरं लुगडं काढून खिडकीला बांधलं. "अब तुमें घाम न लगहै, बिन्नू." घाम म्हणजे त्यांच्याकडे ऊन. म्हातारी घरी गेली तेव्हा लुगडं तसंच ठेवून गेली. तिच्याजवळ दोनच होती.

उपडा तांब्या

औषधाने रक्त फुटायचं थांबलं आणि त्यानेच मी फुगायला लागले. तोंड पुरीसारखं झालं. भेटायला येणारे म्हणायचे, "वा, तब्येत सुधरली की!" भूक अशी की मी भिंत खाल्ली असती. रडू यायचं, राग यायचा, दोन्ही एकदम यायचे. एकदा भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी ताट भिरकावलं. मीठ डॉक्टरांनीच कमी करायला सांगितलं होतं. आईने सांडलेलं गोळा केलं आणि दुसरं ताट वाढलं.

घरी आल्यावर आईने माझ्या खोलीच्या खिडक्यांना जाड चादरी लावल्या. आणि पहूजच्या पाण्यातून वाचवून आणलेला तो तांब्या घासून, पुसून माळ्यावर उपडा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती छतावर गेली नाही. तिसऱ्याही नाही. देवघरात दिवा लावायची, पण देवघराची खिडकी पूर्वेची, ती बंद ठेवायची. माझ्या आईने सूर्यनारायणाशी बोलणं टाकलं होतं.

मी देवाधर्माची कधीच नव्हते. तिच्या अर्घ्याची थट्टा करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पण ती जायची थांबली तेव्हा मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. घरात कोणीतरी एक विश्वास ठेवणारं लागतं, म्हणजे बाकीच्यांना निवांत नास्तिक होता येतं.

"आई, जात जा ना वर," मी एकदा म्हणाले.

"कशाला?" ती म्हणाली. "पन्नास वर्षं पाणी घातलं. त्याने माझीच पोर जाळली."

"डॉक्टर म्हणाल्या ना, तुझ्यामुळे नाही."

"त्या चांगल्या आहेत," आई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

अर्घ्याच्या वेळी ती आता माझ्याकडे यायची. सकाळी उजाडताच चादर बोटभर बाजूला करायची, त्या फटीतल्या उजेडात माझी खालची पापणी ओढायची आणि डोळ्याचं पांढरं बघायची. रोज. पांढरं दिसलं की "ठीक आहे" म्हणायची आणि चहा ठेवायला जायची. पूर्वी सूर्याचं दर्शन घेतल्याशिवाय तिला चहा चालत नसे, आता माझ्या डोळ्याचं घेतल्याशिवाय.

असं जवळजवळ वर्ष गेलं. गोळ्या कमी होत गेल्या, तोंड ओसरलं. लांब बाह्या, छत्री, जाड ओढणी अशा थाटात मी शाळेत जायला लागले. मुलींनी माझं नाव छातेवाली मॅडम ठेवलं. दादा आणि आई कामापुरतं बोलायला लागले. त्याने त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल कधी माफी मागितली नाही, पण येताना तिच्यासाठी रोज पान आणायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता लिहा. मी लिहायला घेतलं, आणि खरं सांगते, शेवट जरा आनंदाचा करायचा बेत होता.

माघातला रविवार

इथवर लिहून झालं होतं. थंडी होती. धुकं लवकर विरलं आणि लख्ख ऊन पडलं. आई नेहमीसारखी आली, चादर सारली, पापणी ओढली.

बघितलं. दुसऱ्या डोळ्याचीही ओढली. पुन्हा पहिल्याची.

"ठीक आहे" ती म्हणाली नाही. म्हणाली, "आज उठू नकोस एवढ्यात." आणि चादर नीट बंद करून गेली.

मी पडून राहिले. काही दिवसांपासून जिना चढताना धाप लागत होती, ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. न्हाणीघरातून पाणी ओतल्याचा आवाज आला. बंबाचं दार वाजलं नाही, म्हणजे गार पाणी. माघात, सत्तरीची बाई, गार पाण्याने. मग तिवई सरकवल्याचा आवाज. माळ्याखाली ठेवल्यासारखा. मग जिन्यावर पावलं.

मी उठून बाहेर आले. माळ्यावर तांब्या नव्हता.

आरशाकडे जायची मला गरज वाटली नाही. ज्या देवाकडे तिने वर्षभर पाठ फिरवली होती, त्याच्याकडे ती ओलेत्याने निघाली होती. सोमवारी दवाखान्यात रक्ताचा जो आकडा आला, तो मला त्या जिन्याखालीच कळला होता.

एकेक पायरी चढत, बसत, मी वर पोचले आणि दाराच्या आत, सावलीत थांबले. आई छताच्या मधोमध उभी होती. पाणी देऊन झालेलं, रिकामा तांब्या पायाशी. लुगड्यातून पाणी ठिबकत होतं आणि ती थरथरत होती. त्या थंडीच्या उन्हात लुगडं दुपारपर्यंत वाळणार नव्हतं.

"आई, खाली ये," मी म्हणाले.

तिने हात पुन्हा जोडले.

"आई, काय करतेस हे?"

"पाचवा राहिलाय," ती म्हणाली.

मला तिचा राग आला, त्या देवाचा आला, माझ्या रक्ताचा आला. तिला धरून ओढत आत आणावं म्हणून मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. पाठमोरीच होती ती, तरी तिला कळलं.

"तिथेच थांब," आई म्हणाली. "ऊन आहे."